पुट, पॅच आणि चुकणारा स्टॉक: जावास्क्रिप्टमधून सर्व्हरवरचा डेटा बदलताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. कृषी सेवा केंद्रासाठी स्टॉकची वेब सिस्टिम बनवली आहे. समोर साधं जावास्क्रिप्ट, मागे नोड आणि एक्सप्रेस, डेटाबेस पोस्टग्रेस. प्रत्येक मालाचं एक पान आहे आणि 'सेव्ह' दाबलं की फॉर्ममधला सगळा ऑब्जेक्ट फेचने (ब्राउझरमधून सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन) पुट होऊन, म्हणजे अख्खी नोंद बदलायला सांगणारी रिक्वेस्ट बनून जातो. दोन काउंटर आणि मालकांचा लॅपटॉप एकाच वेळी चालू असले की स्टॉक चुकतो. शिवाय अधूनमधून पडद्यावर 'सेव्ह झालं' असं येतं आणि डेटाबेसमध्ये मात्र काहीच बदललेलं नसतं. पुटच्या जागी पॅच, म्हणजे फक्त बदललेला भाग सांगणारी रिक्वेस्ट, वापरलं तर हे सुटेल का?

अर्धं सुटेल. पॅचमुळे दर बदलणारा आणि स्टॉक बदलणारा एकमेकांच्या पायात येणार नाहीत. पण दोन्ही काउंटरवर एकाच मालाची विक्री झाली तर स्टॉक तरीही चुकेल. आणि 'सेव्ह झालं' या खोट्या निरोपाचा पुट-पॅचशी काही संबंध नाही. फेचचं उत्तर तुम्ही कसं वाचता यावर ते अवलंबून आहे. हे दुखणं लवकर बरं होतं, म्हणून आधी तेच घेतो.

फेचचं प्रॉमिस (पुढे येणाऱ्या उत्तराची जागा धरणारा ऑब्जेक्ट) रिजेक्ट होतं, म्हणजे फसतं, ते मुख्यतः रिक्वेस्ट पोहोचलीच नाही किंवा उत्तर हाती आलंच नाही तर. नेट गेलं, सर्व्हर बंद होता, कॉर्सने (दुसऱ्या डोमेनशी बोलण्यावरचे ब्राउझरचे नियम) अडवलं, अशा वेळी. सर्व्हरने रिक्वेस्ट घेऊन ४०३ (परवानगी नाही) दिला, ५०० (सर्व्हरमध्येच बिघाड) दिला, तरी फेचच्या लेखी काम पार पडलेलं असतं आणि तुमचा कोड 'देन'मध्ये, म्हणजे यशाच्या भागात, शिरतो. तिथे सरळ 'सेव्ह झालं' लिहिलेलं असेल तर तेच दिसणार. रिस्पॉन्सवरची ओके ही प्रॉपर्टी आधी तपासायची; स्टेटस २०० ते २९९ यांच्यात असेल तरच ती ट्रू असते. ॲक्सिओस ही लायब्ररी वापरून फेचकडे आलेल्यांचा इथे हमखास घात होतो, कारण ॲक्सिओस ४०० आणि ५०० च्या घरातल्या उत्तरांवर आपणहून एरर फेकतो.

ओके तपासूनही फसवणारी एक जागा आहे. लॉगिन सेशनवर चालत असेल आणि सेशन संपलं असेल, तर बरेच सर्व्हर ३०२ देऊन लॉगिनच्या पानाकडे वळवतात. फेच ते निमूटपणे पाळतो. मूळ रिक्वेस्ट पोस्ट (नवी नोंद पाठवणारी) असेल तर ३०२ नंतर तिची गेट (नुसती वाचणारी) होते, लॉगिनचं पान नीट २०० ने येतं, ओके ट्रू असतं, आणि तुमचा डेटा वाटेतच राहतो. दुपारी जेवायला गेलेला माणूस परत येऊन पहिली नोंद करतो आणि नेमकी तीच गायब होते, असं ऐकलंत तर आधी इथे पाहा. यावरचा खरा उपाय सर्व्हरवर आहे: डेटाच्या मार्गांवर लॉगिन नसेल तर ४०१ द्यायचा, वळवायचं नाही. तो बदल होईपर्यंत फेचच्या ऑप्शन्समध्ये रिडायरेक्टची किंमत 'एरर' ठेवा.

याच्या उलटही होतं, म्हणजे सेव्ह होतं आणि 'झालं नाही' असं दिसतं. सर्व्हर २०४ देतो, त्यात बॉडीच, म्हणजे मजकूरच नसतो, आणि तुमचा कोड डोळे झाकून रिस्पॉन्सवर जेसन हे मजकुराचा ऑब्जेक्ट करणारं मेथड बोलावतो. रिकाम्या मजकुराचं पार्सिंग फसतं, कोड कॅचमध्ये, म्हणजे एरर हाताळणाऱ्या भागात जातो, माणूस पुन्हा बटण दाबतो. दर बदलताना दोनदा दाबलं तर बिघडत नाही, विक्री नोंदवताना बिघडतं. त्यावर पुढे येतोच.

'सेव्ह झालं आणि काहीच बदललं नाही' यामागे एक्सप्रेसचंही एक कारण असू शकतं. बॉडी म्हणून स्ट्रिंग दिली आणि कंटेंट-टाइप हेडर लावायचं राहिलं, तर ब्राउझर ती साधा टेक्स्ट म्हणून पाठवतो. एक्सप्रेसचा जेसन पार्सर अशा बॉडीला हातच लावत नाही. चौथ्या आवृत्तीत तुमच्या हाती रिकामा ऑब्जेक्ट येतो, पाचव्या आवृत्तीत अनडिफाइन्ड. हँडलर, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणारं फंक्शन, 'जी फील्ड आली ती बदल' अशा थाटात लिहिलेला असेल, तर रिकाम्या ऑब्जेक्टवर तो काहीच न बदलता खुशाल २०० देतो. जेसन डॉट स्ट्रिंगिफाय (ऑब्जेक्टचा मजकूर करणारं फंक्शन) विसरून सरळ ऑब्जेक्ट बॉडीत टाकला तरी गत तीच. म्हणून सर्व्हरवर एक नियम करा: ओळखीचं एकही फील्ड आलं नाही तर ४००, म्हणजे 'रिक्वेस्ट चुकीची आहे'.

पॅचकडे वळणारच आहात तर एक बारीक गोष्ट आत्ताच सांगतो. मेथडचं नाव कॅपिटल अक्षरांतच लिहा. गेट, पोस्ट, पुट, डिलीट ही नावं लहान अक्षरांत लिहिली तरी फेच ती आपणहून मोठी करून घेतो. पॅच त्या यादीत नाही. लहान अक्षरांतलं पॅच तसंच्या तसं बाहेर पडतं, आणि मेथडच्या नावात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जात असल्याने सर्व्हर ते ओळखत नाही. कोड बरोबर दिसतो, पुटला चालतो, पॅचला चालत नाही, आणि माणूस कॉर्सच्या सेटिंग्ज उपसत बसतो.

आता मूळ दुखणं. स्टॉक कसा चुकतो ते एका मालावर पाहू. फवारणी पंप, दर २४००, स्टॉक १२. सकाळी दहाला मालकांनी लॅपटॉपवर पंपाचं पान उघडलं. त्यांच्या ब्राउझरमध्ये ऑब्जेक्ट आला: दर २४००, स्टॉक १२. मग गिऱ्हाईक आलं, ते बोलत बसले. सव्वादहाला काउंटरवर दोन पंप विकले गेले, डेटाबेसमध्ये स्टॉक १० झाला. साडेदहाला मालकांनी दर २५५० केला आणि सेव्ह दाबलं. पुटमधून गेला तो अख्खा ऑब्जेक्ट: दर २५५०, स्टॉक १२. मालकांनी स्टॉकला हातही लावला नव्हता, पण विकलेले दोन पंप कागदावर परत आले. कुठे एरर नाही, लॉगमध्ये काही वावगं नाही, दोन्ही रिक्वेस्टना २००. संध्याकाळी माल मोजताना ते उघड होतं, आणि तोवर काउंटरवरच्या पोरावर संशय घेऊन झालेला असतो. हा प्रकार मी फार गंभीरपणे घेतो तो याचसाठी.

पुटने इथे काहीही चुकीचं केलेलं नाही. 'या पत्त्यावर जे आहे ते काढून हे ठेव' हाच पुटचा करार आहे. पॅचचा करार वेगळा: 'जे आहे त्यात एवढा बदल कर'. मार्च २०१० मध्ये आरएफसी ५७८९ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजाने पॅच प्रमाणित केलं ते नेमकं याच गरजेपोटी. मालकांच्या लॅपटॉपवरून फक्त दर २५५० एवढंच गेलं असतं, तर स्टॉक १० चा १० राहिला असता. त्यामुळे फॉर्म उघडताना आलेल्या ऑब्जेक्टची एक प्रत बाजूला ठेवा आणि सेव्हच्या वेळी तुलना करून बदललेली फील्डच पाठवा. पॅच लावून पुन्हा सगळा फॉर्म पाठवणारा कोड मी भरपूर पाहिला आहे. त्यात फक्त मेथडचं नाव बदललेलं असतं.

बॉडी कशी लिहायची याच्या दोन प्रमाणित पद्धती आहेत. जेसन पॅच, आरएफसी ६९०२, यात 'हे बदल, ते काढ' अशा सूचनांची यादी जाते. जेसन मर्ज पॅच, आरएफसी ७३९६, यात बदललेली फील्ड तेवढी असलेला साधा ऑब्जेक्ट जातो. तुमच्या कामाला मर्ज पॅच पुरे आहे. फक्त त्याचा एक नियम पक्का लक्षात ठेवा: फील्ड आलंच नाही तर जसं आहे तसं ठेवायचं, आणि नल (रिकामी किंमत) आलं तर ते काढून टाकायचं.

हा नियम जावास्क्रिप्टशी गाठ पडली की धोकादायक होतो. स्ट्रिंगिफाय अनडिफाइन्ड असलेली फील्ड गाळून टाकतो, ते ठीक आहे. पण नॅन, म्हणजे आकडा नसलेला आकडा, त्याचं तो नल करतो. आणि नॅन मिळणं सोपं आहे: दराची चौकट रिकामी राहिली आणि तुम्ही पार्सफ्लोट (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) लावलं, की नॅन. आपल्याकडे आणखी एक वाट आहे. फोनवर मराठी कीबोर्ड चालू आहे, माणसाने टेक्स्टच्या चौकटीत देवनागरी आकड्यांत २५५० लिहिलं. वाचणाऱ्याला तो चोख दर आहे, जावास्क्रिप्टच्या नंबर फंक्शनला तो आकडाच नाही. नंबरमधून नॅन, स्ट्रिंगिफायमधून नल, मर्ज पॅचमधून 'दर काढून टाक'. दुकानदाराने दर नीट लिहिला आणि सिस्टिमने तो पुसला. देवनागरी आकडे आधी बदलून घ्या, दहा अक्षरांची अदलाबदल आहे. नंतर नंबर डॉट इजफायनाइट लावून खरा आकडा आहे का ते तपासा, आणि सर्व्हरवर ज्या कॉलमला नल चालत नाही तिथे डेटाबेसमध्येच नॉट नल ठेवा. ब्राउझरमधली तपासणी वापरणाऱ्याच्या सोयीसाठी असते; डेटाचं रक्षण डेटाबेसनेच करायचं.

तारखांचं तर विचारूच नका. कीटकनाशकाच्या डब्यावर मुदत संपण्याची तारीख असते, म्हणजे तुमच्याकडे ते फील्ड असणारच. समजा तारीख २६ जानेवारी आहे आणि तारीख निवडायची लायब्ररी तिचा डेट ऑब्जेक्ट बनवते, भारतीय वेळेनुसार मध्यरात्रीचा. स्ट्रिंगिफाय त्याचं यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, रूपांतर करतो, आणि आपण साडेपाच तास पुढे असल्याने मजकूर जातो तो २५ जानेवारी, १८:३० असा. सर्व्हरने त्यातली नुसती तारीख उचलली की एक दिवस कमी झाला. सगळा ऑब्जेक्ट पुट करणाऱ्या एका सिस्टिममध्ये दर बदलला की मुदत एक दिवस मागे सरकायची; पुन्हा दर बदलला की आणखी एक दिवस. ज्या फील्डला वेळ नाही, फक्त तारीख आहे, ती वर्ष-महिना-दिवस अशा स्ट्रिंगनेच न्या-आणा आणि वाटेत डेट ऑब्जेक्ट बनवूच नका. ब्राउझरचा तारखेचा इनपुट तशीच स्ट्रिंग देतो.

पॅचने वेगवेगळ्या फील्डची टक्कर थांबली. एकाच फील्डची राहिली. मालकांनी दर २५५० केला आणि त्याच वेळी त्यांच्या मुलाने घरून २५०० केला, तर नंतर आलेला जिंकतो आणि पहिल्याला पत्ता लागत नाही. इथे प्रत्येक नोंदीला आवृत्ती क्रमांक लागतो. वाचताना सर्व्हर सांगतो 'ही सातवी आवृत्ती', बदल पाठवताना ब्राउझर सांगतो 'मी सातवी पाहून हा बदल करतोय', आणि सर्व्हर अपडेटच्या क्वेरीत आयडीबरोबर 'आवृत्ती ७ असेल तरच' ही अट घालून त्याच क्वेरीत ती ८ करतो. किती ओळी बदलल्या ते पाहायचं. शून्य असतील आणि नोंद अजून जागेवर असेल, तर मध्ये कुणीतरी बदल केलाय. आधी सिलेक्ट करून आवृत्ती तपासायची आणि मग अट नसलेलं अपडेट करायचं, असं करू नका. त्या दोन क्वेरींच्या फटीत दुसरी रिक्वेस्ट घुसते.

एचटीटीपीत यासाठी ईटॅग (आवृत्तीची खूण) आणि इफ-मॅच ('हीच खूण असेल तरच बदल' ही अट) ही हेडरं आहेत, आणि अट मोडली तर ४१२ द्यायचा. तुमच्या बाबतीत मात्र मी आवृत्ती जेसनच्या आतच ठेवेन आणि जुळली नाही तर ४०९, म्हणजे 'टक्कर झाली', देईन. कारण असं. एक्सप्रेस आपणहून जो ईटॅग लावतो तो वीक प्रकारचा, म्हणजे तंतोतंत सारखेपणाची हमी न देणारा असतो, आणि इफ-मॅचच्या नियमानुसार वीक ईटॅग कधीच जुळत नाही. तुम्ही स्वतः स्ट्राँग ईटॅग लावलात आणि पुढे बसवलेला एनजिनएक्स हा वेब सर्व्हर उत्तर जीझिप करत (दाबून लहान करत) असेल, तर तो त्याला वीक करून टाकतो. समोरचं पान आणि एपीआय (सर्व्हरवरचे डेटाचे मार्ग) वेगळ्या डोमेनवर असतील तर सर्व्हरने मुद्दाम एक्सपोज केल्याशिवाय जावास्क्रिप्टला ईटॅग दिसतच नाही, आणि इफ-मॅच पाठवायला प्रीफ्लाइटमध्ये, म्हणजे ब्राउझर आधी करतो त्या चौकशीत, वेगळी परवानगी लागते. हे सगळं जमतं, मोठ्या सार्वजनिक एपीआयला ते शोभतंही. तीन स्क्रीनच्या दुकानाला एक पूर्णांकाचा कॉलम पुरतो.

४०९ आल्यावर काय करायचं, यात खरं कौशल्य आहे. ताजी आवृत्ती आणून तोच बदल गुपचूप पुन्हा पाठवणारा कोड लिहिला, तर आवृत्ती क्रमांकाचा सगळा खटाटोप वाया गेला. शेवटचा जिंकतो हा जुनाच नियम परत आला. सर्व्हरने ४०९ बरोबर सध्याची नोंदही पाठवावी. ब्राउझरकडे आता तीन गोष्टी आहेत: उघडताना पाहिलेली नोंद, माणसाने केलेला बदल, आणि सध्याची नोंद. दुसऱ्याने बदललेली फील्ड आणि आपण बदललेली फील्ड वेगळी असतील तर न विचारता पुन्हा पाठवायला हरकत नाही. एकच असेल तर माणसाला दाखवा: 'तुम्ही पाहिला तेव्हा दर २४०० होता, आता २५०० आहे, तुम्ही २५५० लिहिला आहे.' आणि त्याने टाइप केलेलं पुसू नका.

आता स्टॉक. इथे मी आवृत्तीही वापरणार नाही. दोन काउंटर, पंप १२. एकाने दोन विकले, दुसऱ्याने तीन. पहिला ब्राउझर म्हणतो 'स्टॉक १०', दुसरा म्हणतो 'स्टॉक ९'. खरा स्टॉक ७. आवृत्ती लावली तर दुसऱ्याला ४०९ मिळेल आणि गर्दीच्या वेळी काउंटरवर सारखे हेच निरोप येत राहतील. स्टॉक हे ब्राउझरने लिहायचं फील्डच नव्हे. काउंटरला स्टॉक माहीत नसतो, त्याला एवढंच माहीत असतं की आपण तीन पंप विकले. तेवढंच त्याने सांगावं. विक्रीच्या नोंदींचं वेगळं टेबल करा, त्यावर पोस्ट करा: माल, नग ३, काउंटर. सर्व्हर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल किंवा काहीच नाही) ती ओळ घालेल आणि स्टॉकमधून ३ वजा करेल, 'स्टॉक तीन किंवा जास्त असेल तरच' या अटीसह. वजाबाकी डेटाबेसमध्ये होते, त्या ओळीवर तेवढ्यापुरतं कुलूप असतं, दोन्ही काउंटरच्या विक्री एकामागून एक लागतात. आवक, परतावा, फुटतूट यांचंही तसंच. शिवाय स्टॉक का कमी झाला हे नंतर सांगता येतं, जे नुसत्या बदललेल्या आकड्यावरून कधीच सांगता येत नाही.

पण पोस्टची एक जबाबदारी येते. पुट दोनदा गेलं तरी परिणाम एकदाचाच. दर २५५० दोनदा लिहिला तरी २५५०. पोस्ट दोनदा गेली तर सहा पंप विकले गेले. आणि ती दोनदा जाणारच: सर्व्हरने नोंद केली, उत्तर परत येताना नेट गेलं, ब्राउझरला एरर दिसली, माणसाने पुन्हा दाबलं. ॲबॉर्ट कंट्रोलरने टाइमआउट लावलं असेल तरी हेच. ॲबॉर्ट म्हणजे ब्राउझरने वाट पाहणं सोडलं. सर्व्हरवरचं काम त्याने थांबेलच असं नाही. म्हणून प्रत्येक विक्रीबरोबर ब्राउझरने बनवलेली एक किल्ली पाठवा आणि टेबलात त्या कॉलमवर युनिक इंडेक्स ठेवा, म्हणजे तीच किल्ली दोनदा येऊ शकत नाही. तीच किल्ली परत आली तर नवी ओळ न घालता आधीच्याच नोंदीचं उत्तर द्यायचं. किल्ली विक्रीचा फॉर्म उघडताना एकदा बनवायची आणि यशाचं उत्तर हाती आल्यावरच बदलायची. बटणाच्या क्लिकमध्ये बनवली तर दर दाबण्याला नवी किल्ली मिळते आणि संरक्षण शून्य.

किल्लीसाठी क्रिप्टोमधलं रँडमयूयूआयडी उत्तम, पण ते फक्त सुरक्षित संदर्भात मिळतं, म्हणजे एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवर. तुमच्या मशीनवर ते चालेल आणि दुकानातल्या राउटरमागे साध्या एचटीटीपीने आयपी पत्त्यावर उघडलं की फंक्शनच सापडणार नाही. दुकानातच सर्व्हर ठेवणार असाल तर तिथेही एचटीटीपीएस लावा. नाहीच जमलं तर गेटरँडमव्हॅल्यूज साध्या एचटीटीपीवरही मिळतं, त्यातून सोळा बाइट घ्या आणि हेक्स करा.

एकाच टॅबमधून लागोपाठ जाणाऱ्या बदलांचंही पाहा. दर २५५०, लगेच सुधारून २५६०, अशा दोन रिक्वेस्ट गेल्या तर त्या त्याच क्रमाने पोहोचतील याची हमी नाही. त्या नोंदीची आधीची रिक्वेस्ट संपेपर्यंत पुढची धरून ठेवा. नोंदीगणिक एक प्रॉमिस ठेवून पुढची त्याला जोडत जायची, एवढंच लागतं. आणि यश आल्यावर पडद्यावर आपण पाठवलेलं नव्हे, सर्व्हरने परत दिलेलं दाखवा. म्हणजे २०४ ऐवजी २०० आणि बदललेली नोंद, नव्या आवृत्तीसह. नाहीतर पुढच्याच सेव्हला आपलाच आपल्याशी ४०९ होतो.

हे चालू दुकानात बसवायचं तर क्रम असा ठेवा. आधी ओके, ४०१ आणि रिकाम्या बॉडीवर ४०० हे करून टाका, त्याने काही मोडत नाही. मग विक्रीचं टेबल, दुकान बंद झाल्यावर. त्या संध्याकाळी माल प्रत्यक्ष मोजून ओपनिंग स्टॉक भरा, कारण सध्याच्या आकड्यांवर विसंबता येणार नाही. आणि त्याच वेळी सर्व्हरवर पुटच्या मार्गात स्टॉक हे फील्ड आलं तर ४०० द्यायला लागा. नुसतं नवं जावास्क्रिप्ट चढवून भागत नाही. मालकांच्या लॅपटॉपवर चार दिवसांपासून उघडा असलेला टॅब जुनाच कोड चालवत असतो, आणि सकाळी त्यातून सेव्ह दाबलं की मोजून भरलेला स्टॉक पुन्हा जुना होतो. त्या ४०० च्या उत्तरात 'पान रिफ्रेश करा' असा मजकूर द्या आणि तो पडद्यावर दिसेल असं आजच्याच कोडमध्ये आधी घालून ठेवा.